भिंतीवरून गेलेलं तळं

१

खिळा जागेवर होता, चित्र नव्हतं.

सई दालनाच्या मधोमध उभी होती. हातात फोन, फोटो काढायला उघडलेला. ती काहीच बोलत नव्हती, आणि सई गप्प आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय हे आम्हाला कॉलेजपासून ठाऊक. मी जिन्यावरून उतरत होतो. जेवण अंगावर आलेलं, तोंडात पान. तिच्या नजरेच्या रोखानं मी भिंतीकडं पाहिलं. सकाळी जिथं आमचं तळं होतं तिथं नुसती पांढरी भिंत होती.

"श्रीरंग, तू काढून ठेवलंस का?" तिनं विचारलं.

"मी कशाला काढू?"

"मग कुणी काढलं?"

मी पान गिळूनच टाकलं आणि वर हाक मारली.

आम्ही सहा जण. वीसेक वर्षांपूर्वी याच शहरात कॉलेजच्या नाटकांच्या तालमींत एकमेकांना भेटलो आणि मग सुटलोच नाही. मी आता पुण्यात लोकांचे दात बघतो. आमच्यातलीच मनस्विनी माझी बायको झाली. ती रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून एक्स-रे आणि स्कॅन वाचते. सई नाशिकला शाळेत चित्रकला शिकवते. संघपाल बडोद्याला असतो आणि त्याच्या चित्रांची प्रदर्शनं दिल्लीपर्यंत लागतात. शिवराज मूळचा गंगापूरकडचा, घरची उसाची शेती. तोच एक शहरात राहिला. आणि सहावी मोनिका. ती बंगळूरला गेली, मोठ्या कंपनीत लागली, आणि चित्रं काढायची तिनं कायमची सोडली.

दर वर्षी दोन दिवस आम्ही कुठल्या तरी गावी जमतो. संग्रहालयं बघायची, पोटभर खायचं, परत जायचं, एवढाच कार्यक्रम. या वर्षी आमचंच गाव ठरलं. शुक्रवारी सोनेरी महाल झाला, विद्यापीठातलं इतिहासाचं संग्रहालय झालं, संध्याकाळी गुलमंडीवर इमरती झाली. शनिवारची सकाळ ठेवली होती शिवराजच्या दालनासाठी.

शिवराजच्या वडिलांना, तात्यासाहेबांना, चित्रांचा नाद. उसाच्या पैशातून त्यांनी समर्थनगरात हा बंगला घेतला, खालच्या मजल्यावर दालन केलं आणि दार सगळ्यांना उघडं ठेवलं. आम्ही कॉलेजात असताना इथंच पडलेले असायचो. मोनिकानं काढलेलं एक चित्र त्यांना फार आवडलं, तर तिनं ते त्यांना देऊनच टाकलं. हर्सूलच्या तळ्यावरची दुपार. मागं पाणी, कडेला पिवळं गवत, एक दगड, आणि आम्ही पाच जण: मी काहीतरी हातवारे करून सांगतोय, मनस्विनी हसतेय, सई आणि शिवराज भांडतायत, संघपाल चक्क तोंड उघडं टाकून झोपलाय. वर्तमानपत्राचं पान उघडलं तर होईल एवढंच चित्र. पुढं मोनिकानं आपली बाकीची सगळी चित्रं एका संध्याकाळी स्वतःच्या हातानं फाडली. हे तिच्याकडं नव्हतं म्हणून उरलं.

सकाळी आम्ही त्याच्यापुढं उभं राहून एकमेकांच्या तेव्हाच्या केसांना हसलो होतो. मी प्रत्येकाचा चित्रासोबत फोटोही काढला होता.

आता वरून सगळे उतरले. शिवराज सगळ्यांत शेवटी आला. भिंतीकडं बघून तो खालच्या पायरीवर बसला. त्याचा चेहरा इतका उतरला, की मनस्विनीनं आधी त्याची नाडी धरली.

आणि मला आठवलं, संध्याकाळच्या विमानानं मोनिका येत होती.

२

ती येणार हे फक्त मला आणि मनस्विनीला माहीत होतं. सगळ्यांना चकित करायचं म्हणून आम्ही दडवून ठेवलं होतं आणि जेवताना मी ते फोडलं. तेव्हा ताटात मटणाचा नान-खलिया होता, मटण न खाणाऱ्या सईपुढं वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती. सईनं आनंदानं टेबल बडवलं. शिवराज वाढत होता, डाव हातात तसाच धरून तो म्हणाला, "लई झ्याक झालं." संघपाल म्हणाला, "क्या बात है, आता पान तर पाहिजेच," आणि जेवण अर्धवट ठेवून पान आणायला उठला.

वीस वर्षांत मोनिकानं ते चित्र पाहिलं नव्हतं. तिला ते बघायचं होतं, म्हणून तर ती येत होती.

दालनाला बाहेर पडायचा रस्ता एकच. मागचं दार तात्यासाहेबांनीच विटा रचून बंद केलेलं. फाटकाजवळ बन्सीची खुर्ची. बन्सी या बंगल्यात शिवराजच्या लग्नाळू वयापासून आहे. शिवराजनं लग्न केलं नाही आणि बन्सीही कुठं गेला नाही. दालन उघडणं, झाडणं, फाटक सांभाळणं, शिवराजनं वेळेवर जेवावं म्हणून त्याच्या मागं लागणं, सगळं त्याच्याकडं.

"बाहेर कोण गेलं होतं?" मी त्याला विचारलं.

"संघपालदादा पान आनायला गेले. हात हलवत गेले, पानाचा पुडा घेऊन आले. दुसरं कुनी नाय."

"तुम्ही खुर्ची सोडली होती?"

"नाय साहेब."

म्हणजे चित्र घरातच होतं. आम्ही घर शोधलं. पलंगाखाली पाहिलं, कपाटांच्या माथ्यावर पाहिलं, गच्चीवरच्या टाकीमागं पाहिलं. दालनाशेजारच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं एकेक करून उलटून पाहिली. सईची भली मोठी झोळी मधेच खुंटीला लटकत होती. सकाळी ती म्हणाली होती, "शिवा, हे चित्र मी एक दिवस पळवून नेणार बघ." झोळीकडं कुणीच बघत नव्हतं, आणि कुणी बघत नाहीये हे सगळ्यांना जाणवत होतं. शेवटी सईनं झोळी काढून टेबलावर पालथी केली. ओढणी, औषधं, मुलांच्या शाळेचे रंगखडू, इमरतीचा डबा.

"झालं समाधान?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"सई, तुझ्यावर कुणी," मी सुरुवात केली.

"तू माझ्या झोळीपासून हात लांब ठेवून चालत होतास, श्रीरंग. मला कळतं."

मला काही सुचेना. माणसाला सुचेनासं झालं की तो कारभार हातात घेतो. मी म्हणालो, "हे असं चालायचं नाही. पोलिसांना बोलवू. ते येतील आणि शोधतील."

दारात बन्सी उभा होता. त्यानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला.

"बोलवा साहेब," तो म्हणाला. "आधी मलाच नेतील, ते मला ठाव हाय. दादा, मागं भाजीच्या वाफ्याला पानी घालायचं राहिलंय, तेवढं बघा."

शिवराज पायरीवरून उठला.

"पोलीस नाय बोलवायचे," तो म्हणाला. "बन्सीला कुनी काय इचारायचं नाय. गेलं तर गेलं चित्र. माझं व्हतं, गेलं."

ज्याचं चोरीला गेलं त्यालाच शोध नको होता. मी चक्रावून मनस्विनीकडं पाहिलं. ती शिवराजकडं बघत होती. समोर एखादी फिल्म लावली आणि तिच्यात काहीतरी दिसलं, की ती जशी बघते, तशी.

३

"पोलीस नकोत," मनस्विनी म्हणाली. "मला जरा एकेकाशी बोलू दे. मोनिका यायला अजून अवकाश आहे."

ती व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसली. मी शेजारी. पहिली सई आली, अजून रागात.

"मी खाली आले ते फोटो काढायला," सई म्हणाली. "मोनिका येतेय म्हटल्यावर तिला आधीच पाठवावा वाटला. बघते तर भिंत रिकामी."

"सई, चित्रात खाली उजव्या कोपऱ्यात काय आहे?"

सईला ते विचित्र वाटलं असावं, पण ती हसली. दुपारपासून पहिल्यांदा. "माझी चप्पल. अंगठा तुटलेली. मोनिकानं मुद्दाम काढली. त्या दिवशी रस्त्यापर्यंत मी तुझी ओढणी पायाला गुंडाळून चालत आले होते, विसरलीस?"

"नाही विसरले," मनस्विनी म्हणाली.

मलाही ती चप्पल आठवत होती. सई आणि शिवराज भांडत होते ते त्या चपलेवरूनच. शिवराज म्हणत होता, गावाकडं अनवाणीच चालायची सवय लावून घे.

मग संघपाल आला. रेलिंगला टेकून उभा राहिला, बसला नाही.

"पान आणायला तू दालनातूनच गेलास ना?" मनस्विनीनं विचारलं. "तेव्हा चित्र होतं?"

"नीट बघितलं नाही यार. असेल."

"खाली उजव्या कोपऱ्यात काय आहे त्यात?"

"गवत," तो लगेच म्हणाला. "वाळलेलं गवत. थोडं पिवळं, खालून जरा तांबूस. आणि एक दगड, त्याची सावली डावीकडं पडलेली. का?"

"सहज."

तो गेला. मी म्हणालो, "चित्रकार आहे शेवटी. सावलीसुद्धा लक्षात."

मनस्विनीनं बन्सीला बोलावलं. बन्सी बसायला तयार नव्हता. तिनं खुर्ची पुढं केली तेव्हा टेकला.

"बन्सीभाऊ, तुमच्यावर कुणाचा संशय नाही. ह्यांच्या तोंडून निघून गेलं."

"चुकलंच माझं," मी म्हणालो. बन्सीनं मान हलवली, माफ केलं की नाही ते कळलं नाही.

"त्या भिंतीवरचं काही बदललंय का? आज नव्हे. गेल्या दोन-तीन वर्षांत?"

बन्सीनं खाली पाहिलं. "दादांना इचारा ताई."

"तुम्हाला माहीत आहे?"

"दादांना इचारा."

शिवराजला ती सगळ्यांत शेवटी भेटली. तो समोर बसला, पण तिच्याकडं बघत नव्हता.

"तू जेवताना खाली आला नाहीस," ती म्हणाली. "सगळा वेळ आम्हाला वाढत होतास. म्हणजे तू नेलं नाहीस."

"व्हय."

"मग कुणी नेलं असेल?"

"मला नाय ठाव."

"शिवा, चित्रात खाली उजव्या कोपऱ्यात काय आहे?"

रोज सकाळी ज्या चित्रासमोरून तो चहाचा कप घेऊन जातो, त्या चित्राचा कोपरा त्याला सांगता येईना. "ध्यानात नाय," तो म्हणाला, आणि उठून गेला.

मनस्विनीनं माझ्याकडं हात पुढं केला. "तुझा फोन दे. सकाळचे फोटो."

ती बराच वेळ एक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत राहिली. मग दुसरा. त्यात ती स्वतः दालनाच्या समोरच्या भिंतीशी उभी होती, संघपालच्या मोठ्या चित्राखाली.

"चल," ती म्हणाली. "चित्र कुठं आहे ते कळलं."

४

संघपालनं चार वर्षांपूर्वी दालनाला स्वतःचं एक चित्र भेट दिलं होतं. वेरूळच्या लेण्याबाहेरचा काळा कडा, पुरुषभर उंच. तळं होतं त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर ते लटकलेलं असतं. मनस्विनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळे तिच्यामागं.

"वरून दिवे आहेत," ती म्हणाली. "त्यामुळं प्रत्येक चित्राखाली भिंतीवर सावली पडते. बाकीच्या चित्रांची बघा, बारीक काळी रेघ. मघाशी शोधताना याची सावली मला जाड वाटली होती. सकाळच्या फोटोत मात्र याचीही तशीच रेघ आहे. आणि आता बघा."

कड्याच्या चित्राखाली सावलीचा जाड पट्टा पडला होता. तिनं दाखवेपर्यंत दिसला नव्हता, दाखवल्यावर दुसरं काही दिसेना.

"चित्र खालून भिंतीपासून सुटलंय. मागं काहीतरी आहे."

मी आणि सईनं ते मोठं चित्र दोन्ही बाजूंनी धरून उचललं. मागं, त्याच खिळ्याला, सागवानी चौकटीत आमचं तळं लटकत होतं.

सई खाली बसली आणि हसायला लागली, मग रडायला लागली. मी चित्र काढून टेबलावर ठेवलं. बन्सी दारातून बघत होता. शिवराज बघत नव्हता. संघपाल खिडकीशी उभा होता, बाहेर तोंड करून.

"चला, सापडलं," मी म्हणालो. "मोनिका यायच्या आत परत लावू. कुणी गंमत केली असेल तर केली, आता तो विषय सोडू."

"लावता येणार नाही," मनस्विनी म्हणाली. ती चित्रावर वाकली होती. "सई, इकडं ये. तुझी चप्पल कुठंय?"

सईनं डोळे पुसले आणि वाकून पाहिलं. खाली उजव्या कोपऱ्यात वाळलेलं गवत होतं. थोडं पिवळं, खालून तांबूस. एक दगड होता आणि त्याची सावली डावीकडं पडली होती.

"हे मोनिकाचं चित्र नाही," मनस्विनी म्हणाली.

५

मनस्विनीच बोलत राहिली, आवाज न चढवता. घरी मुलीला गणित समजावते तसं.

"सकाळी मला काहीतरी खटकलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. आपण सगळ्यांनी आधी स्वतःचा चेहरा शोधला. मग एकमेकांचे. कोपऱ्याकडं कुणी बघितलंच नाही. सईनं चप्पल सांगितली ती आठवणीतून सांगितली, सकाळच्या बघण्यातून नाही. श्रीरंगलाही तीच आठवत होती. चप्पल खरी होती, आणि ह्या चित्रात ती नाही. म्हणजे हे दुसरं कुणी काढलंय.

"मग मी विचार केला, ते आजच का जावं? सकाळी होतं, दुपारी नाही. मधल्या वेळात काय झालं? आपण जेवलो, आणि श्रीरंगनं मोनिका येतेय असं सांगितलं. बाकी काहीच झालं नाही. ज्यानं हे हलवलं त्याला चित्र नको होतं. मोनिकाची नजर त्याच्यावर पडू नये एवढंच हवं होतं. तिला एका क्षणात कळलं असतं. तेव्हा, हे खरं नाही हे ज्याला माहीत आहे, त्यानंच हलवलं.

"शिवाला माहीत होतं. चित्र गेलं तर कुणीही पोलिसांना बोलवेल, ह्यानं बोलवू दिलं नाही. पण हा टेबलावरून उठला नाही. बन्सीभाऊंना माहीत होतं, पण ते फाटकाशी होते, मोनिका येतेय हे त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. सईला माहीत असतं तर तिनं स्वतःच्या चपलेबद्दल असं हसत सांगितलं नसतं." ती थांबली. "चपलेच्या जागी गवत एकाच माणसानं सांगितलं. त्या दुपारी तळ्यावर तो झोपलेला होता. आणि गवत मात्र त्याला रंगासकट पाठ होतं. सकाळी उभ्या उभ्या बघून एवढं पाठ होत नाही, संघपाल. काढल्यावर होतं."

संघपाल खिडकीतून वळला.

"मोठ्या चित्राच्या मागं लाकडी चौकटीत किती पोकळी आहे, ते ज्यानं ते चित्र काढलं त्यालाच माहीत असणार," ती म्हणाली.

"एक चौकट बसेल असं वाटलं," संघपाल म्हणाला. "सावलीचं ध्यानात आलं नाही." तो कसनुसं हसला. "पान आणायला जायच्या आधी दोन मिनिटांचं काम. शिवाला बोललो पण नाही. मोनिका येतेय म्हटल्यावर त्याचं तोंड बघितलं आणि उठलो. ती परत गेल्यावर लावणार होतो. तिला काय सांगायचं याचा विचारच केला नव्हता. बन्सीभाऊंवर येईल हे तर डोक्यातसुद्धा नव्हतं. यांनी किल्ल्या काढून ठेवल्या तेव्हा मी तिथंच सांगायला पाहिजे होतं. शिवाकडं बघत राहिलो."

"माझ्याच्यानं सांगवंना," शिवराज म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. तात्यासाहेब आजारी पडले तेव्हा तो त्यांना गंगापूरला शेतावर घेऊन गेला. त्यांना तिथंच राहायचं होतं. बन्सी सोबत गेला. दालनाला कुलूप. तात्यासाहेब गेल्यावर परत येऊन दार उघडलं तर त्या एका भिंतीला वाळवी लागली होती. चौकट, कापड, सगळं. बाकीची चित्रं धड होती. तेवढंच एक गेलं होतं.

"मोनिकाचा दर दिवाळीला फोन येतो," तो म्हणाला. "पहिलं ती तेच इचारती. शिवा, चित्र कसंय? ते एकच उरलंय, जप. मला सांगायचं व्हतं. एकदा जिभेवर आलं व्हतं. मग संघपालला बोललो."

"तात्यांचा एक फोटो होता, त्या चित्रासमोर उभे," संघपाल म्हणाला. "त्यावरून काढलं. त्यांचा खांदा कोपऱ्यावर आलेला. मी लई आठवायचा प्रयत्न केला. किती वेळा बघितलेलं चित्र, आणि कोपरा आठवेना. शेवटी गवत भरलं."

सई अजून जमिनीवर बसलेली होती. "आणि मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं की चप्पल होती."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. कुणीतरी चिकलठाण्याला विमानतळावर जायला हवं होतं.

"मी आणते मोनिकाला," सई उठली. "पण गाडीत मी काही बोलणार नाही. ती चेहऱ्यावरून ओळखेल, तर ओळखू दे."

"मीच सांगतो तिला," शिवराज म्हणाला. "तुम्ही कुनी मधी पडू नका."

६

मोनिकाचे केस पिकले होते आणि तिनं ते तसेच आखूड कापून ठेवले होते. ती आली, सगळ्यांना भेटली, बन्सीची चौकशी केली, आणि तिसऱ्या वाक्याला म्हणाली, "काय झालंय?"

शिवराजनं तिला वर नेलं. आम्हीही गेलो, कारण थांबा असं कुणी म्हटलं नाही. त्यानं आपल्या कपाटातून एक धोतराची घडी काढली. तात्यासाहेबांचं धोतर असावं. जेवणाच्या टेबलावर ठेवून ती उलगडली. आत कापडाचे तुकडे होते, चाळणीसारखे. एका तुकड्यावर थोडं आभाळ होतं, एकावर पाण्याचा पट्टा, एकावर कुणाचा तरी हात. शेजारी त्यानं संघपालनं काढलेलं चित्र ठेवलं. आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. दुपारचं लपवणंही सांगितलं. बन्सीवर आलेलंही सांगितलं.

मोनिकानं आधी तुकडे पाहिले, मग चित्र. तिनं तुकड्यांना हात लावला नाही.

"पाणी माझ्यापेक्षा चांगलं काढलंस," ती संघपालला म्हणाली.

"मोनिका, मी फक्त फोटोवरून,"

"गप्प बस जरा."

ती खुर्चीत बसली. तिनं चष्मा काढला आणि डोळे दाबून धरले. सई पुढं व्हायला लागली, मनस्विनीनं तिचा हात धरला.

"मी विमानात ठरवत होते, ते बघून मला काय वाटेल," मोनिका म्हणाली. "वाईट निघालं तर बरं वाटेल की चांगलं निघालं तर. चांगलं निघालं तर मी सोडायला नको होतं, असं झालं असतं." ती थोडं हसली. "आता ते कधीच कळायचं नाही."

"माझं चुकलं," शिवराज म्हणाला.

"हो, चुकलं. तीन दिवाळ्या मी फोन केला. तीनही वेळा तू म्हणालास, चित्र मजेत आहे." तिनं चष्मा परत चढवला आणि त्याच्याकडं पाहिलं. "चित्राचं राहू दे. तू मजेत होतास का?"

शिवराज टेबलाची कड धरून उभा होता.

तात्यासाहेब गेले तेव्हा त्यानं आमच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या होत्या. सगळं आटोपलं, कुणी धावपळ करू नका. आम्ही हात जोडल्याची चित्रं पाठवली होती, फोन केले होते, आणि तो म्हणाला होता बराय, म्हणून बराय असं धरलं होतं. त्या शेतावर तो किती दिवस होता, कसा होता, आमच्यातल्या कुणी विचारलंच नव्हतं.

"ते मला वळखत नव्हते शेवटी," शिवराज म्हणाला. अगदी हळू. "मला म्हनायचे, तुम्ही डॉक्टर का? माझ्या पोराला निरोप द्या, म्हनावं ऊस तोडून झालाय, तू ये आता. मी म्हनायचो, देतो. रोज म्हनायचो, देतो."

मोनिका उठली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. संघपालनं खुर्ची ओढून त्याला बसवलं. मग तो बोलत राहिला. चमच्यानं पेज भरवायचो ते, मी आणि बन्सी मिळून त्यांना अंगणात उन्हात आणायचो ते, सगळं. अधूनमधून थांबायचा, कुणीतरी पाणी पुढं करायचं.

बन्सीनं दारात येऊन विचारलं, ताटं घेऊ का. कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं तो परत आला. मनस्विनीनं शेजारची खुर्ची मागं ओढली आणि म्हणाली, "बन्सीभाऊ, बसा."

तो बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एक गोष्ट दादा तुमाला सांगायचे नाय," तो म्हणाला. "तात्या एकदा संध्याकाळच्याला मला म्हनले, बन्सी, हा डॉक्टर लई चांगला हाय. ह्याला जेवल्याबिगर जाऊ देऊ नको."